आंतरराष्ट्रीय गाईडलाईन आपल्या दवाखान्यात लागू करायचीय? पहिल्यांदाच हे काम हातात घेतलेल्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेची किंवा एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची गाईडलाईन हातात पडली की नवीन टीम दोनपैकी एक काहीतरी करते. एक तर जशीच्या तशी भाषांतर करून वर आपलं नाव टाकते, नाहीतर मीटिंगमध्ये कुणीतरी ज्येष्ठ माणूस म्हणतो "हे आपल्याकडे चालायचं नाही" आणि त्या एका वाक्यावर अर्धी गाईडलाईन उडते. दोन्हीकडे पुरावा कुणी बघितलेलाच नसतो. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, की शिफारशीचं वाक्य बदलायला घेण्याआधी ती शिफारस कशाच्या भरवशावर उभी आहे ते शोधून काढा, म्हणजे कुठले पेशंट, कुठली सोय, कुणाचे हात, आणि मग त्यातलं काय आपल्याकडे आहे ते एकेक करून तपासा.

हे का महत्त्वाचं आहे त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं आहे. दिवस भरण्याआधी बाळंतपण होणार असेल तर आईला स्टिरॉइड दिलं की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवलं आणि पुढे अनेक ट्रायलमध्ये तेच दिसलं. पण त्या ट्रायल बहुतेक सगळ्या चांगल्या हॉस्पिटलमधल्या. मग विचार आला की हेच इंजेक्शन गावपातळीवर द्यायला शिकवलं तर किती बाळं वाचतील, आणि ॲक्ट नावाची मोठी ट्रायल अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या सहा देशांत झाली, 2015 मध्ये निकाल आला. जवळपास एक लाख जन्म होते त्यात. ज्या सगळ्यात कमी वजनाच्या बाळांसाठी हे चाललं होतं त्यांच्या मृत्यूत फरक पडला नाही, आणि सगळी बाळं मिळून बघितली तर इंजेक्शनच्या बाजूला दर हजारी साधारण साडेतीन नवजात मृत्यू जास्त झाले, आयांमध्ये इन्फेक्शनचा संशयही जास्त दिसला. औषध स्टिरॉइडच होतं.

नंतर ॲक्शन नावाची ट्रायल झाली, बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानमधल्या 29 हॉस्पिटलांत, 2020 मध्ये निकाल आला. इथे सोनोग्राफीने गर्भाचे आठवडे मोजलेले होते आणि आईची आणि नवजात बाळाची काळजी घ्यायची सोय होती. नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले आणि फायदा स्पष्ट दिसल्यामुळे ट्रायल ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. गरीब देश दोन्हीकडे होते, भारत, केनिया आणि पाकिस्तान तर दोन्ही ट्रायलमध्ये होते, म्हणजे "आपला देश वेगळा" हे कारण इथे लागूच होत नाही. वेगळ्या होत्या त्या अटी. आठवडे नक्की माहीत असणं, आईला इन्फेक्शन नसणं, बाळंतपणाची सोय धड असणं, बाळाला नंतर सांभाळता येणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीत या अटी लिहिलेल्याही आहेत, फक्त घाईत भाषांतर करणारा माणूस मुख्य वाक्य उचलतो आणि खालच्या अटी बारीक अक्षरात ढकलतो, किंवा गाळूनच टाकतो.

हे डोक्यात पक्कं बसलं की मग कामाला लागा.

पहिली पायरी: विषय लहान करा

अख्खी गाईडलाईन एकदम घेऊ नका, दम लागतो आणि काम अर्धवट राहतं. दहा-बारा प्रश्न निवडा, जिथे आत्ता सगळ्यात जास्त गोंधळ आहे किंवा सगळ्यात जास्त नुकसान होतंय. प्रत्येक प्रश्नात चार गोष्टी आल्या पाहिजेत: कुठला पेशंट, काय करायचं, कशाच्या तुलनेत, आणि त्यातून पेशंटला काय मिळणार. शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणूस वाचणं किंवा घरी चालत जाणं यात फरक आहे.

दुसरी पायरी: माणसं

डॉक्टर तर असतातच. पण नर्स हव्यात, औषधांचा साठा बघणारा माणूस हवा, ज्याच्या हातात बजेट आहे तो हवा, पुराव्याची पद्धत येणारा किमान एक हवा आणि त्या आजारातून गेलेले पेशंट किंवा त्यांच्या घरचे हवेत. हितसंबंध पहिल्याच बैठकीत लेखी घ्या. कुणी औषध कंपनीचे पैसे घेतले असतील तर तो माणूस वाईट ठरत नाही, पण त्या औषधावर मतदान होईल तेव्हा त्याने बाहेर बसायचं, आणि हा नियम वाद सुरू व्हायच्या आधी ठरलेला असला की कुणाला अपमान वाटत नाही.

तिसरी पायरी: मूळ गाईडलाईन तपासा

एकाच विषयावर तीन-चार गाईडलाईन सापडतात आणि नाव मोठं म्हणून एक उचलली जाते. असं करू नका. ॲग्री टू नावाचं एक साधन आहे, 23 मुद्दे, सहा विभाग, प्रत्येक मुद्द्याला एक ते सात गुण, निदान दोघांनी आणि जमलं तर चौघांनी स्वतंत्र बसून गुण द्यायचे. नवख्याला सगळे 23 मुद्दे जड जातात, तेव्हा वेळ कमी असेल तर तिसऱ्या विभागावर जोर द्या, त्यात आठ मुद्दे आहेत आणि पुरावा कसा शोधला, कसा निवडला, पुराव्यापासून शिफारशीपर्यंत कसं पोचले हे त्यात कळतं. आणि नाव मोठं म्हणजे सगळं बरोबर असं नसतं. 2007 मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं की जागतिक आरोग्य संघटनेच्याही शिफारशींमध्ये पद्धतशीर पुरावा क्वचित वापरला जात होता, तज्ज्ञांच्या मतावरच भर होता. त्याच वर्षी संघटनेने स्वतःची गाईडलाईन तपासणारी समिती नेमली आणि पद्धत बदलली. त्यामुळे जुनी कागदपत्रं हातात आली तर जास्त काळजीने वाचा.

आणखी एक तारीख शोधा, जी मुखपृष्ठावर नसते. पुरावा शोधणं कधी थांबवलं ती तारीख. गाईडलाईन यंदाची दिसते पण शोध तीन वर्षांपूर्वी थांबलेला असतो. त्या तारखेच्या थोडं आधीपासून आजपर्यंतचा शोध तुम्हाला पबमेड आणि कॉक्रेन लायब्ररी या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहांत स्वतः करावा लागेल. शक्य असेल तर शोधाला ग्रंथपालाची मदत घ्या, एका दुपारी जे काम होतं त्याला आपल्याला आठवडा लागतो.

चौथी पायरी: शिफारशीच्या मागचा तक्ता उघडा

चांगल्या गाईडलाईनच्या परिशिष्टात प्रत्येक शिफारशीमागे निष्कर्षांचा तक्ता असतो. ग्रेड नावाच्या, पुरावा तोलायच्या पद्धतीत पुराव्याच्या खात्रीला चार पातळ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी आणि अतिशय कमी. खात्री पाच कारणांनी खाली येते, अभ्यासात पक्षपाताचा धोका, निकाल एकमेकांशी न जुळणं, पुरावा थेट आपल्या प्रश्नाचा नसणं, आकडे पुरेसे नेमके नसणं, आणि काही निकाल छापलेच न जाणं. आपल्या कामासाठी यातलं "थेट नसणं" सगळ्यात मोठं. मूळ गाईडलाईन बनवणाऱ्या पॅनलने त्यांच्या वाचकांसाठी पुरावा थेट आहे असं ठरवलेलं असतं, तुमच्या पेशंटसाठी तो तेवढा थेट असेलच असं नाही, आणि तसं असेल तर तुम्ही खात्रीची पातळी स्वतः खाली आणू शकता. हे करायची नवख्यांना भीती वाटते. कारण लिहून ठेवा आणि करा, तो तुमचा अधिकारच आहे.

पाचवी पायरी: शिफारशीत दडलेल्या अटी बाहेर काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक शिफारस घेऊन एका कागदावर लिहा की हे व्हायला काय काय असावं लागतं. निदान कोण करतं, कशाने करतं, औषध द्यायला कोण लागतं, दिल्यावर लक्ष कोण ठेवतं, बिघडलं तर पुढे कुठे नेतात आणि नेईपर्यंत किती वेळ जातो.

फीस्ट ट्रायल बघा म्हणजे याचा अर्थ कळेल. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेलं मूल आलं की शिरेतून भराभर सलाईन द्यायचं, म्हणजे बोलस, हे सगळीकडे शिकवलं जायचं. युगांडा, केनिया आणि टांझानियात अशा 3141 मुलांवर ट्रायल झाली, अशा हॉस्पिटलांत जिथे आयसीयू नव्हता, 2011 मध्ये छापून आली. 48 तासांतले मृत्यू बोलस दिलेल्या मुलांत साधारण साडेदहा टक्के, आणि बोलस न दिलेल्या गटात 7.3 टक्के. सगळ्यांना वाटत होतं फायदाच होईल. झांबियातल्या मोठ्या माणसांवरच्या एका ट्रायलमध्येही, सेप्सिस (इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव बिघडायला लागणं) आणि बीपी कमी असलेल्यांमध्ये, जास्त सलाईनच्या ठरलेल्या प्रोटोकॉलच्या गटात हॉस्पिटलमधले मृत्यू 48.1 टक्के होते आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात 33 टक्के, तो निकाल 2017 चा. आता याचा अर्थ "बोलस वाईट" असा घाऊक काढू नका. फीस्टमध्ये जुलाब-उलट्यांनी कोरडी पडलेली मुलं आणि तीव्र कुपोषित मुलं घेतलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी हा निकाल वापरता येत नाही. मुलांच्या सेप्सिसची 2020 ची आंतरराष्ट्रीय गाईडलाईन यातून शिकली आणि एकाच प्रश्नाला सोयीनुसार वेगळी उत्तरं दिली, आयसीयू असेल तर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे 40 ते 60 मिलीपर्यंत, आणि आयसीयू नसेल आणि बीपी कमी झालेलं नसेल तर बोलस नको. म्हणजे त्या गाईडलाईनने तुमचं अर्धं काम करून ठेवलंय, पण तुम्ही कुठल्या रकान्यात बसता हे प्रामाणिकपणे तुम्हालाच ठरवायचंय. "आमच्याकडे आयसीयू आहे" असं म्हणताना रात्री दोन वाजता तिथे व्हेंटिलेटर चालवणारं माणूस असतं का हे विचारा.

सहावी पायरी: आपले आकडे

औषधाचा सापेक्ष परिणाम, म्हणजे धोका किती टक्क्यांनी कमी होतो तो, साधारणपणे एका ठिकाणाहून दुसरीकडे बऱ्यापैकी तसाच टिकतो (स्टिरॉइडसारख्या गोष्टी सोडून, म्हणून तर पाचवी पायरी आधी), पण प्रत्यक्ष किती माणसांचा फायदा होईल ते मूळ धोका, म्हणजे औषध न देता असलेला धोका, किती आहे त्यावर ठरतं. मॅगपाय ट्रायल घ्या, 33 देश, दहा हजारांवर बायका, 2002. प्री-एक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर झटके येण्याचं प्रमाण 1.9 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, म्हणजे धोका 58 टक्क्यांनी कमी. समजा तुमच्या पेशंटमध्ये मूळ धोका हजारी 40 आहे, तर तो साधारण 17 वर येईल आणि हजारामागे 23 बायका झटक्यांपासून वाचतील. मूळ धोका हजारी 5 असेल तर वाचतील तीन. औषधाच्या त्रासाचा धोका मात्र दोन्हीकडे हजारही जणींना पत्करायचाय. म्हणून मूळ धोका माहीत हवा, आणि तो हॉस्पिटलच्या रजिस्टरमधून काढत असाल तर एक लक्षात ठेवा, रजिस्टरमध्ये पोचलेले पेशंट असतात, न पोचलेले नसतात.

सोबत आणखी काय गोळा करायचं? जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाहीत त्याचे लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा वर्षात किती दिवस संपलेला होता, स्टाफ किती, आणि पेशंटना काय मान्य आहे यावरचे मुलाखतींचे अभ्यास असतील तर ते. स्वतःची छोटी पाहणी केली तरी चालते, फक्त ती मोठ्या पुराव्याच्या जागी बसवू नका. चाळीस पेशंटच्या आपल्या नोंदीवरून एखादं औषध काम करत नाही असं ठरवता येत नाही, ते औषध वेळेत मिळतं की नाही एवढं नक्की सांगता येतं.

सातवी पायरी: निर्णय

प्रत्येक शिफारशीपुढे तीन वाटा असतात: आहे तशी घ्या, बदलून घ्या, किंवा या प्रश्नावर नव्याने शिफारस तयार करा. 2017 मध्ये ग्रेडवाल्यांनी या तिन्ही वाटा एकत्र आणणारी पद्धत छापली, तिला ॲडोलोपमेंट म्हणतात. त्याआधीपासून ॲडॅप्टे नावाची 24 पायऱ्यांची पद्धत आहे, तिचं टूलकिट फुकट मिळतं आणि त्यातले तक्ते नवख्यांना फार उपयोगी पडतात. कुठलीही घ्या, पण पॅनलसमोर ठराविक प्रश्न ठेवा: फायदा किती, तोटा किती, खात्री किती, पेशंट कशाला महत्त्व देतात, खर्च किती, जे आधीच मागे राहिलेत ते आणखी मागे पडतील का, लोकांना पटेल का, आणि करता येईल का.

"करता येईल का" हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवा. आधी ठेवला की चर्चा तिथेच अडकते, मशीन नाही, माणूस नाही, विषय बंद. एकदा फायदा मोठा आहे हे पॅनलला दिसलं की तीच माणसं "मग मशीन कसं आणायचं" यावर बोलायला लागतात, हे मी अनेकदा बघितलंय.

आणि बदल केलात तर तो कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा. काम नर्सने करायचं की डॉक्टरने, तपासणी कुठल्या भेटीत करायची, हे बदल तुलनेने हलके. पण डोस, औषध, किती आकड्याला उपचार सुरू करायचा, याला हात लावलात की तुम्ही मूळ पुराव्यापासून लांब गेलात, त्यासाठी वेगळा पुरावा दाखवावा लागेल. "परवडत नाही म्हणून अर्धा डोस" हा बदल नाही, ते न तपासलेलं औषध आहे. प्रत्येक बदलाला एक ओळ लिहा, काय बदललं, का, कुठल्या पुराव्यावर, कोण असहमत होतं. दोन वर्षांनी पॅनलमधली अर्धी माणसं बदललेली असतात आणि तेव्हा ही एक ओळच कामी येते.

आठवी पायरी: लिहिणं

मराठीत लिहिताना एक खास घोळ होतो. मूळ गाईडलाईनमध्ये ठाम शिफारस आणि सशर्त शिफारस यांना वेगळी क्रियापदं असतात आणि आपण दोन्हीकडे "करावे" लिहून मोकळे होतो. ठाम असेल तिथे "करावे", सशर्त असेल तिथे "पेशंटशी बोलून करता येईल", असं आधीच ठरवून सगळीकडे तेच पाळा.

मग शिफारस हातापर्यंत नेऊन पोचवा. मॅगसल्फचंच, म्हणजे वरच्या मॅग्नेशियम सल्फेटचंच घ्या. कागदावर लिहिलंय सुरुवातीला 4 ग्रॅम शिरेतून. सिस्टरच्या हातात 50 टक्क्यांचं अँप्यूल आहे, 2 मिलीचं, म्हणजे एकात 1 ग्रॅम. शिरेतून द्यायचं तर ते 20 टक्क्यांचं करायचं, म्हणजे चार अँप्यूल, 8 मिली, त्यात 12 मिली स्टराइल वॉटर, झालं 20 मिली, आणि हे सावकाश द्यायचं. मग स्नायूत 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, म्हणजे प्रत्येकी पाच अँप्यूल. पुढचा डोस द्यायच्या आधी गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला 16 तरी आहेत का, चार तासांत लघवी ताशी 30 मिलीच्या हिशोबाने झालीय का, आणि मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून द्यायचं कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये आहे का. झटके येणाऱ्या बाईशेजारी उभं राहून हा गुणाकार कुणी करू नये, तो तुम्ही दुपारी खुर्चीत बसून करून भिंतीवर लावायचाय. आणि साठ्यातलं अँप्यूल दुसऱ्या मापाचं यायला लागलं तर भिंतीवरचा कागद त्याच दिवशी बदलायचा, ही जबाबदारी कुणाची ते नाव घालून लिहा. इन्फ्युजन पंप नसेल तिथे स्नायूतल्या डोसची पद्धत निवडणं हाही पुराव्यावर आधारलेलाच बदल आहे, कारण दोन्ही पद्धती ट्रायलमध्ये वापरल्या गेल्यात.

नववी पायरी: परवानगी आणि चाचणी

जागतिक आरोग्य संघटनेची अलीकडची बहुतेक प्रकाशनं अशा लायसन्सखाली असतात की विक्री करायची नसेल तर बदल करून वापरता येतात, पण त्यांचा लोगो लावता येत नाही आणि हे रूपांतर त्यांनी केलेलं नाही असं स्पष्ट छापावं लागतं. इतर संस्थांचे नियम वेगळे असतात, आधी पत्र पाठवा.

मसुदा मग बाहेरच्या तज्ज्ञांना द्या, पण त्याहून आधी रात्रपाळीच्या सगळ्यात नवीन नर्सला द्या. काही समजावून सांगू नका. एक पेशंट तोंडी सांगा आणि ती कागदात बोट कुठे ठेवते ते बघा. आमच्या एका मसुद्यात पहिल्या पानावर पॅनलची नावं आणि आभार होते आणि डोस अकराव्या पानावर, ती पानं उलटत राहिली आणि आम्ही चौघं गप्प उभे होतो. त्या संध्याकाळी क्रम बदलला.

दहावी पायरी: पुढची तारीख

छापायच्या आधी मोजायच्या दोन-तीन गोष्टी ठरवा, उदाहरणार्थ स्टिरॉइड मिळालेल्या किती जणींचे आठवडे सोनोग्राफीने नक्की केले होते, आणि त्यातल्या कितींची बाळंतपणं खरोखर दिवस भरण्याआधी झाली. हे आकडे दर तिमाहीला बघा. पहिल्या पानावर पुराव्याचा शोध कधी थांबवला ती तारीख आणि पुन्हा कधी उघडायचं ती तारीख छापा. शिवाय मुदतीआधी उघडायची कारणंही लिहा: मूळ गाईडलाईन बदलली, मोठी नवी ट्रायल आली, औषध बाजारातून गेलं, किंवा एखादी अट, जी आपल्याकडे होती म्हणून आपण हो म्हटलं होतं, ती आता राहिली नाही. सोनोग्राफी मशीन सहा महिने बंद पडलंय आणि इंजेक्शनं चालूच आहेत, हे लक्षात आलं त्या दिवशी पुढच्या मीटिंगची वाट न बघता पॅनलला फोन करा.